पेल्याचा आकार आणि बिअरचा आस्वाद : एक आंतरविद्याशाखीय विवेचन

सारांश

बिअर कोणत्या आकाराच्या पेल्यातून प्यायली जाते यावर तिचा फेस, गंध, तापमान आणि चव अवलंबून असते, अशी समजूत युरोपात दीर्घकाळ प्रचलित आहे. या समजुतीतील कोणता भाग भौतिकशास्त्राने सिद्ध होतो, कोणता भाग इंद्रियसंवेदनांच्या प्रयोगांतून दिसून येतो आणि कोणता भाग व्यापारी प्रचाराच्या सदरात मोडतो, याची छाननी प्रस्तुत लेखात केली आहे. पेल्याचा आकार पिण्याची गतीही बदलतो, असे २०१२ नंतरच्या संशोधनातून पुढे आले आहे. त्यामुळे हा विषय रसास्वादापुरता मर्यादित न राहता सार्वजनिक आरोग्याशी जोडला जातो.

बीजसंज्ञा : पेल्याचा आकार, फेस, गंधसंवेदन, आकारमानाचा अंदाज, पिण्याची गती.

१. प्रस्तावना

खाद्यपेयांचा आस्वाद हा जिभेचा विषय आहे असे आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात आस्वादाच्या अनुभवात डोळे, नाक, ओठ, हाताची बोटे आणि मनातील पूर्वअपेक्षा यांचाही वाटा असतो. एकच चहा काचेच्या छोट्या पेल्यातून, कपबशीतून आणि स्टीलच्या भांड्यातून घेतला असता वेगळा का वाटतो, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडलेला असतो. बिअरच्या बाबतीत या प्रश्नाचा अभ्यास अनेक अंगांनी झाला आहे. बिअर हे वायुमिश्रित, फेसाळणारे, सुगंधी आणि थंड पेय असल्यामुळे भांड्याच्या आकाराला तिच्यावर परिणाम घडवून आणण्यास बराच वाव मिळतो.

प्रस्तुत लेखाचा हेतू मद्यपानाचे समर्थन करण्याचा नाही. एका साध्या वस्तूच्या निमित्ताने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मानसशास्त्र, वाणिज्य आणि आरोग्यशास्त्र या विद्याशाखा एकमेकींना कशा पूरक ठरतात, हे दाखविणे हा येथील उद्देश आहे. विवेचनासाठी प्रामुख्याने युरोपातील बिअरपानाची परंपरा आणि तेथे झालेले संशोधन यांचा आधार घेतला आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

युरोपात बिअर दीर्घकाळ लाकडी, मातीच्या, कथलाच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यांतून प्यायली जात असे. या भांड्यांतून पेयाचा रंग दिसत नसे. १८४२ मध्ये बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) पिल्सेन या नगरात योझेफ ग्रोल या बव्हेरियन मद्यकाराने फिकट सोनेरी रंगाची, स्वच्छ व पारदर्शक बिअर तयार केली. बोहेमियात काचनिर्मितीची जुनी परंपरा होती आणि एकोणिसाव्या शतकात काचेची भांडी क्रमाने स्वस्त होत गेली. पेयाची पारदर्शकता आणि भांड्याची पारदर्शकता यांचा मेळ बसला. रंग, वर चढणारे बुडबुडे आणि पांढरा फेस ही दृश्ये आस्वादाचा भाग बनली.

यानंतर निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळे पेले रूढ झाले. पिल्सनर बिअरसाठी उंच व खाली निमुळता होत जाणारा पेला वापरला जातो. बव्हेरियातील गव्हाच्या बिअरसाठी अर्धा लिटरचा, मध्ये किंचित आवळलेला आणि वर फुगीर असा उंच पेला असतो. बेल्जियममधील तीव्र बिअरसाठी दांड्याचा रुंद चषक किंवा ट्यूलिपच्या फुलासारखा पेला प्रचलित आहे. कोलोन शहरातील कोल्श ही बिअर केवळ २०० मिलिलिटरच्या सरळ, सडपातळ पेल्यातून दिली जाते, तर म्युनिकच्या ऑक्टोबर उत्सवात एक लिटरचा मुठीचा मग असतो. ब्रिटनमधील ५६८ मिलिलिटरच्या पाइंट पेल्याला काठाच्या खाली एक फुगवटा दिलेला असतो. पेले एकात एक रचले असता ते अडकू नयेत व काठाचे टवके उडू नयेत, हे त्या फुगवट्याचे प्रयोजन आहे. त्याचा चवीशी संबंध नाही. म्हणजेच प्रत्येक आकारामागे आस्वादाचेच कारण असते असे मानता येत नाही. साठवण, वाहतूक, कर, मापे आणि स्थानिक अभिमान यांनीही पेले घडविले आहेत.

३. पेल्यातील भौतिकी : वायू, फेस आणि तापमान

३.१ बुडबुड्यांचा जन्म : साधारण लेगर प्रकारच्या बिअरमध्ये दर लिटरला सुमारे ५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. बाटलीचे झाकण उघडताच दाब कमी होतो आणि हेन्रीच्या नियमानुसार हा वायू द्रवातून बाहेर पडू लागतो. मात्र बुडबुडा शून्यातून सहसा जन्मत नाही. त्याला आधारासाठी काचेवरील सूक्ष्म खाच किंवा पुसण्याच्या कापडाचा चिकटलेला तंतू लागतो. फ्रान्समधील रीम्स विद्यापीठाचे जेरार्ड लिजे-बेलेर आणि क्लारा सिलॅंद्र यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणितानुसार, २५० मिलिलिटर लेगर शांतपणे ठेवली असता तिच्यातून सुमारे २ लाख ते २० लाख बुडबुडे निघू शकतात. संख्येतील हा मोठा फरक मुख्यतः काचेच्या पृष्ठभागाच्या स्थितीमुळे पडतो. काही उत्पादक पेल्याच्या तळाशी मुद्दाम बारीक ओरखडे कोरून घेतात, ते याच कारणासाठी. तेथून बुडबुड्यांची अखंड माळ निघत राहते आणि फेसाला पुरवठा होत राहतो.

३.२ फेसाची उंची आणि आयुष्य : बिअरचा फेस टिकतो तो जवातील काही प्रथिने आणि हॉप या वेलीच्या फुलांतून येणारी कडू आम्ले यांच्यामुळे. हे घटक बुडबुड्यांच्या पापुद्र्यावर जमा होतात. म्हणूनच फेस हा खालच्या द्रवापेक्षा अधिक कडू लागतो. स्निग्ध पदार्थ किंवा साबणाचा अंश लागलेल्या पेल्यात फेस लवकर मोडतो. त्यामुळे आकाराइतकीच पेल्याची स्वच्छताही महत्त्वाची ठरते.

फेस कसा ओसरतो याचे मोजमाप म्युनिक विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ आर्न्ड लाइके यांनी तीन प्रकारच्या बिअरवर केले. फेसाची उंची किरणोत्सारी पदार्थाप्रमाणेच घातांकी ऱ्हासाच्या नियमाने कमी होते, असे त्यांनी दाखविले. वर्गात हा नियम शिकविण्याचे सुलभ साधन म्हणून त्यांनी हा प्रयोग मांडला होता. २००२ मध्ये त्यांना विनोदी संशोधनासाठी दिला जाणारा ‘इग नोबेल’ पुरस्कार त्यासाठी मिळाला.

येथे आकाराचा भाग साध्या भूमितीने स्पष्ट होतो. ६ सेंटिमीटर व्यासाच्या सरळ पेल्यात पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर असते, तर ९ सेंटिमीटर व्यासाच्या पेल्यात ते सुमारे ६४ चौरस सेंटिमीटर होते. ५६ मिलिलिटर फेस पहिल्या पेल्यात २ सेंटिमीटर उंच उभा राहील, परंतु दुसऱ्यात त्याची उंची ०.९ सेंटिमीटरही भरणार नाही. शिवाय रुंद तोंडाच्या पेल्यातून वायू निसटण्यास अधिक मोकळा पृष्ठभाग मिळतो. पिल्सनरचा पेला उंच व अरुंद असण्यामागे हे कारण सयुक्तिक दिसते.

३.३ खाली जाणारे बुडबुडे : आकाराच्या प्रभावाचे सर्वांत रोचक उदाहरण डब्लिनच्या गिनेस या काळ्या बिअरचे आहे. १९५९ पासून या बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइडबरोबर नायट्रोजनचा वापर होऊ लागला. नायट्रोजन पाण्यात फारच कमी विरघळतो व त्याचे बुडबुडे अतिशय बारीक होतात. त्यामुळे फेस साईसारखा दाट बनतो. पेला भरल्यावर काही काळ काचेलगतचे बुडबुडे वर जाण्याऐवजी खाली जाताना दिसतात.

आयर्लंडमधील लिमरिक विद्यापीठाच्या गणितज्ञांनी २०१२ मध्ये याचे स्पष्टीकरण दिले. पेला वर रुंद आणि खाली अरुंद असतो, म्हणजे त्याच्या भिंती बाहेर कललेल्या असतात. बुडबुडे सरळ वर जाऊ लागताच ते कललेल्या भिंतीपासून दूर होतात. भिंतीलगत बुडबुडेविरहित व म्हणून अधिक घनतेचा द्रव उरतो आणि तो खाली घसरतो. खाली जाणारा हा प्रवाह तेथील बारीक बुडबुड्यांना सोबत ओढून नेतो. पेल्याच्या मध्यभागी मात्र प्रवाह वर चढत असतो. हाच पेला उलट आकाराचा, म्हणजे खाली रुंद व वर अरुंद केला, तर भिंतीलगतचे बुडबुडे वर जातात. येथे पेल्याचा आकार पेयातील अभिसरणाची दिशाच ठरवितो, आणि ज्या दृश्यासाठी ग्राहक पेल्याकडे टक लावून पाहतो ते दृश्यही त्या आकारातूनच निर्माण होते.

३.४ तापमान : लेगर साधारणपणे ४ ते ७ अंश सेल्सिअसला दिली जाते. तापमान वाढले की वायू लवकर निसटतो आणि पेय बेचव वाटू लागते. अर्धा लिटर द्रव ६ सेंटिमीटर व्यासाच्या पेल्यात ठेवल्यास त्याच्या भोवतीच्या भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे ३३३ चौरस सेंटिमीटर असते. ९ सेंटिमीटर व्यासाच्या पेल्यात ते २२२ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे फेसासाठी सोयीचा असलेला उंच, अरुंद पेला भिंतींतून उष्णता अधिक घेतो. हाताची ऊबही त्याच भिंतीतून आत शिरते. मुठीचा मग, दांड्याचा चषक आणि कोलोनचा चटकन रिकामा होणारा छोटा पेला ही या अडचणीवर निघालेली तीन वेगवेगळी उत्तरे आहेत. एका गुणासाठी उत्तम असलेला आकार दुसऱ्या गुणासाठी उणा ठरतो. ‘आदर्श पेला’ असा एकच का नाही, याचे कारण या तडजोडीत आहे.

४. गंध आणि चव : पुरावा कितपत?

आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग गंधाचा असतो. गंधकण दोन वाटांनी घ्राणेंद्रियापर्यंत पोहोचतात. पिण्यापूर्वी ते नाकपुड्यांतून आत जातात आणि घोट घेतल्यावर घशाच्या मागील बाजूने नाकात चढतात. बव्हेरियन गव्हाच्या बिअरमधील केळ्यासारखा व लवंगेसारखा वास किंवा हॉपच्या तेलांचा फुलांसारखा वास हे बाष्पनशील द्रव्यांचे वास आहेत. बाटलीतून पिताना नाक पेयाच्या पृष्ठभागापासून दूर राहते. पेल्यातून पिताना ते काठाच्या आत येते. त्यामुळे बाटली आणि पेला यांतील फरक सहज पटण्यासारखा आहे. खरा प्रश्न एका पेल्यात आणि दुसऱ्या पेल्यात किती फरक पडतो, हा आहे.

काठाशी आत वळलेला पेला बाष्प धरून ठेवतो, हे केवळ कल्पनेतले नाही. टोकियोतील कोजी मित्सुबायाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मद्यार्काचे बाष्प टिपणारा कॅमेरा वापरून पेल्यांच्या तोंडावरील बाष्पाची चित्रे घेतली. १३ अंश सेल्सिअसला वाइनच्या गोलाकार पेल्यात मद्यार्काचे बाष्प काठालगत कड्यासारखे जमले आणि मध्यभागी ते विरळ राहिले. सरळ पेल्यात असे कडे दिसले नाही. प्रयोग वाइनवर केलेला असला तरी आकारामुळे बाष्पाची मांडणी बदलते, हे त्यातून सिद्ध होते.

मात्र बाष्पाची मांडणी बदलणे आणि पिणाऱ्याला फरक जाणवणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. जनीन डेल्विश आणि मार्सिया पेल्चॅट यांनी २००२ मध्ये वाइनवर केलेल्या अभ्यासात सहभागी व्यक्तींना पेला दिसणार नाही व हाताला लागणार नाही अशी व्यवस्था केली होती. तेव्हा आकाराचा गंधावरील परिणाम अगदी सौम्य असल्याचे आढळले. याउलट ऑस्ट्रेलियातील संशोधक आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाचे चार्ल्स स्पेन्स यांनी २०१७ मध्ये बिअरवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत वक्र कडांच्या पेल्यातील बिअर सरळ पेल्यातील बिअरपेक्षा अधिक फळांसारखी आणि अधिक तीव्र वाटल्याची नोंद झाली.

हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी त्यांचा मेळ बसू शकतो. गोल आकार आणि गोड वा फळांसारखी चव यांची मनात सांगड घालण्याची प्रवृत्ती अनेक प्रयोगांत आढळली आहे. पेला दिसतो तेव्हा डोळ्यांनी निर्माण केलेली अपेक्षा चवीत मिसळते. पेला दृष्टीआड केला की ही अपेक्षा नाहीशी होते आणि केवळ बाष्पाचा दुबळा परिणाम उरतो. अर्थात पिणाऱ्याचा अनुभव त्यामुळे खोटा ठरत नाही. त्या अनुभवाचे उगमस्थान काचेत कमी आणि मनात अधिक असावे, एवढेच म्हणता येते.

या पार्श्वभूमीवर व्यापारी दाव्यांकडे सावधपणे पाहिले पाहिजे. २०१३ मध्ये श्पीगेलाऊ या जर्मन काचनिर्मात्याने दोन अमेरिकी मद्यनिर्मात्यांच्या सहकार्याने हॉपयुक्त बिअरसाठी खास पेला बाजारात आणला. त्याच्या बुंध्यावरील वळ्या प्रत्येक घोटाबरोबर द्रव घुसळून फेस ताजा ठेवतात, असा दावा आहे. यातील फेसाविषयीचा भाग भौतिकदृष्ट्या शक्य कोटीतील आहे. परंतु विशिष्ट बिअरला विशिष्ट पेलाच हवा, हा दावा पेला न दाखविता घेतलेल्या चाचणीत टिकला तरच तो काचेचा गुण म्हणता येईल.

५. डोळ्यांचा अंदाज आणि पिण्याची गती

आकाराचा सर्वांत परिणामकारक प्रभाव बहुधा पिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. तो आकारमानाच्या अंदाजाशी निगडित आहे. रुंद भांड्यातील पाणी उंच भांड्यात ओतले की ते वाढले असे लहान मुलांना वाटते, हे ज्याँ पियाजे यांचे निरीक्षण शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. प्रौढ व्यक्तीही या भ्रमातून पूर्णपणे मुक्त होत नाहीत. प्रिया रघुबीर आणि आराधना कृष्णा यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, ग्राहक आकारमान ठरविताना मुख्यतः उंचीकडे पाहतात. उंच भांड्यात अधिक पेय आहे असे त्यांना वाटते, आणि पिऊन झाल्यावर मात्र आपण कमी प्यायलो असे वाटते.

वर रुंद असलेल्या पेल्यात हा भ्रम किती मोठा असू शकतो, हे एका उदाहरणाने पाहता येईल. तळाची त्रिज्या २ सेंटिमीटर, तोंडाची त्रिज्या ४ सेंटिमीटर आणि उंची २० सेंटिमीटर असलेल्या शंकुछेदाकार पेल्याचे आकारमान सुमारे ५८६ मिलिलिटर भरते. यातील पातळी निम्म्या उंचीवर, म्हणजे १० सेंटिमीटरवर आली असता आत केवळ १९९ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ३४ टक्के द्रव उरतो. खरी निम्मी पातळी १३ सेंटिमीटरवर असते. ‘अजून निम्मा पेला बाकी आहे’ असे समजणाऱ्याने वस्तुतः दोन तृतीयांश पेय संपविलेले असते.

या अंदाजाचा पिण्याच्या गतीशी संबंध आहे का, हे ब्रिस्टल विद्यापीठातील अँजेला अॅटवुड व सहकाऱ्यांनी तपासले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रसंगपरत्वे मद्य घेणारे १६० स्त्री-पुरुष सहभागी होते. त्यांना लेगर किंवा मद्यविरहित पेय, सरळ किंवा वक्र पेल्यातून देण्यात आले. पूर्ण भरलेल्या पेल्यातील बिअर संपविण्यास सरळ पेल्यात वक्र पेल्यापेक्षा सुमारे ६० टक्के अधिक वेळ लागला. पेला अर्धाच भरलेला असताना किंवा पेय मद्यविरहित असताना असा फरक आढळला नाही. सहभागींना निम्मी पातळी ओळखण्यास सांगितले असता वक्र पेल्याबाबत त्यांची चूक अधिक झाली. ज्यांची चूक मोठी, त्यांची पिण्याची गतीही अधिक, असा कलही दिसला.

याचा संभाव्य अर्थ असा की, मद्य घेणारी व्यक्ती आपली गती सांभाळण्याचा प्रयत्न करीत असते आणि त्यासाठी पेल्यातील पातळीचा खुणेसारखा उपयोग करते. पेलाच फसवा असेल तर ही खूण चुकते. मद्यविरहित पेयाच्या बाबतीत गती सांभाळण्याची गरज नसल्यामुळे फरक दिसत नसावा.

६. सार्वजनिक आरोग्याचा पैलू

प्रयोगशाळेतील निष्कर्ष प्रत्यक्ष व्यवहारात टिकतात का, हा पुढील प्रश्न आहे. ब्रिस्टलमधील तीन पबमध्ये सरळ आणि वक्र पेले आलटून-पालटून वापरून केलेली एक छोटी चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. सरळ पेले वापरले तेव्हा विक्री कमी झाल्याचे दिसले. तथापि चाचणी लहान असल्याने अनिश्चितता एवढी मोठी होती की, तिच्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. अशी चाचणी घेणे शक्य आहे, हेच तिचे मुख्य फलित होते.

पेल्याच्या मापाविषयीचा पुरावा तुलनेने अधिक भक्कम आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधील बारा मद्यालयांत चार आठवडे पाइंटचे माप विक्रीतून काढून घेतले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विकल्या गेलेल्या बिअरचे एकूण प्रमाण सुमारे ९.७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्याच काळात वाइनची विक्री मात्र काहीशी वाढली. म्हणजेच पेला हे धोरणाचे साधन होऊ शकते, परंतु त्याचे अनपेक्षित परिणामही लक्षात घ्यावे लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मद्यपानाचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नसल्याचे स्पष्ट केले. या भूमिकेच्या प्रकाशात पाहता पेल्याच्या आकाराकडे तटस्थ सजावट म्हणून पाहता येत नाही. ज्या वक्र पेल्यातील बिअर अधिक फळांसारखी व अधिक तीव्र वाटते, त्याच प्रकारचा पेला पिणाऱ्याला आपण किती प्यायलो याबाबत फसवतो. आस्वाद वाढविणारा गुण आणि संयम ढिला करणारा गुण एकाच वक्ररेषेत सामावलेले आहेत. पेल्याची निवड बहुधा विक्रेता करतो आणि तिचा परिणाम ग्राहक भोगतो, ही बाब येथे विशेष विचारात घेण्याजोगी आहे.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) फेसाची उंची, बुडबुड्यांचे अभिसरण आणि तापमान यांवरील पेल्याच्या आकाराचा परिणाम भौतिक स्वरूपाचा असून तो निःसंदिग्ध आहे.

२) गंधावरील भौतिक परिणाम मोजता येतो, पण जाणवण्याच्या पातळीवर तो सौम्य दिसतो. चवीत जाणवणाऱ्या फरकाचा बराच भाग दृष्टी व अपेक्षा यांतून येत असावा.

३) वक्र पेल्यामुळे निम्म्या पातळीचा अंदाज चुकतो आणि पूर्ण भरलेल्या पेल्यातील बिअर लवकर संपते, असा प्रयोगशाळेतील पुरावा आहे. व्यवहारातील पुराव्यासाठी मोठ्या चाचण्या आवश्यक आहेत.

४) कोणताही एक आकार सर्व गुणांसाठी सर्वोत्तम नाही.

अध्यापनाच्या दृष्टीनेही या विषयाची उपयुक्तता मोठी आहे. निम्मी पातळी ओळखण्याचा प्रयोग साधे पाणी, दोन-तीन आकारांचे पेले आणि एक मोजपात्र एवढ्या साहित्यावर कोणत्याही महाविद्यालयात करता येतो. विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी लावलेला अंदाज, शंकुछेदाच्या सूत्राने काढलेले उत्तर आणि मोजपात्राने दिलेले माप एका तक्त्यात मांडले, तर गणित, मानसशास्त्र व संख्याशास्त्र या तिन्ही विषयांचे विद्यार्थी एकाच टेबलाभोवती बसू शकतात. आपल्या इंद्रियांवर किती विश्वास ठेवावा आणि मोजपट्टी केव्हा हाती घ्यावी, हा विवेक त्यातून त्यांच्या अंगी बाणू शकेल.